कॉलेजचं बास्केटबॉल कोचिंग करायचंय? मराठवाड्यात सुरुवात कुठून करायची ते सांगते

दरवर्षी निकाल लागले की मेसेज सुरू होतात. मॅडम, युनिव्हर्सिटीपर्यंत खेळलोय, ग्रॅज्युएशन झालं, आता कोच व्हायचंय, काय करावं. एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहूनच टाकते. मी नांदेड विद्यापीठाच्या हद्दीत एका तालुक्याच्या गावी कॉलेजच्या पोरापोरींना शिकवते, आधी खेळाडू आणि मग कोच अशी मिळून वीसेक वर्षं ह्याच सिमेंटच्या कोर्टांवर गेलीत, त्यामुळं जे सांगेन ते इकडचं सांगेन, पुण्यातल्या लाकडी फ्लोअरचं नाही.

आधी एक गैरसमज काढून टाका. आपल्याकडच्या कॉलेजात "बास्केटबॉल कोच" अशी पोस्टच नसते. पोस्ट असते शारीरिक शिक्षण संचालकाची, लोक त्यांना क्रीडा संचालक नाहीतर सरळ पीटीचे सर म्हणतात, आणि त्या एकाच माणसाकडं कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, ॲथलेटिक्स, बुद्धिबळ, योग दिन, २६ जानेवारीचं झेंडावंदन सगळं असतं. अमेरिकेत कॉलेजचा कोच म्हणजे एकाच खेळाचं काम, हाताखाली दोन-तीन असिस्टंट, चांगलं पोरगं दिसलं की स्कॉलरशिप देऊन लांबून आणायचं. आपल्याकडं ॲडमिशनला जे लेकरू येईल ते आपलं, त्यातल्या बहुतेकांनी बास्केटबॉल हातात पहिल्यांदा घेतलेला असतो सतराव्या-अठराव्या वर्षी, आणि डिग्री तीन वर्षांची. म्हणजे तीन सीझनमध्ये खेळाडू तयार करायचा. हा तीन वर्षांचा हिशोब ज्याला जमला तो इथं कोच म्हणून टिकतो, बाकी सगळं त्यानंतर.

कागदाचं काम आधी सांगते कारण विचारणारे तेच विचारतात. दोन रस्ते आहेत. पहिला नोकरीचा. डिग्रीनंतर बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, दोन वर्षं, त्याला राज्याची सीईटी आणि मैदानावरची फील्ड टेस्ट असते, मग एमपीएड, म्हणजे त्यातलीच पदव्युत्तर पदवी, दोन वर्षं. कॉलेजातल्या संचालकाच्या पोस्टला यूजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणं एमपीएडला किमान ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ५ टक्के सूट आहे, वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा नाहीतर पीएचडी, स्वतः स्पर्धेत खेळल्याची नोंद, आणि फिटनेस टेस्ट. ही टेस्ट बरेच जण विसरतात. तिशीपर्यंतच्या पुरुषांना १२ मिनिटांत १८०० मीटर आणि बायकांना ८ मिनिटांत १००० मीटर. अभ्यासाच्या नादात तीन वर्षं पळालाच नाहीत तर हे जड जातं, म्हणून पळणं सोडू नका. सेट आपल्याकडं पुणे विद्यापीठ घेतं, शारीरिक शिक्षण हा विषय त्यात आहे, एमपीएडच्या शेवटच्या वर्षापासूनच देत राहा.

दुसरा रस्ता खेळाचा. पतियाळाची एनआयएस, नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था, १९६१ पासून कोच घडवतेय, तिथला डिप्लोमा म्हणजे देशभर चालणारं नाणं. तो जमत नसेल तर सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स तरी करा. सरकारी क्रीडा मार्गदर्शक, साई म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरण, मोठ्या शाळा, सगळीकडं एनआयएस आहे का हे पहिल्यांदा विचारतात. माझा सल्ला विचाराल तर बीपीएड आणि एनआयएसचा सर्टिफिकेट कोर्स अशी जोडी आधी करा, मग एमपीएड-सेट. कारण एमपीएडमध्ये फिजिऑलॉजी, सायकॉलॉजी, टेस्ट-मेजरमेंट हे सगळं येतं पण बास्केटबॉलची प्रॅक्टिस ९० मिनिटं कशी चालवायची हे कोणी शिकवत नाही. आणि फिबाचं, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं, रूल बुक इंटरनेटवर फुकट मिळतं, कोचसाठीची मॅन्युअल्सही मिळतात, ते डाऊनलोड करून प्रिंट काढा, बाइंडिंग करा, मोबाईलमध्ये ठेवून कोणी वाचत नाही.

आता खरी गोष्ट. हे सगळे कोर्स होईपर्यंत पाच-सहा वर्षं जातात, आणि जागा कधी निघतील ह्याचा भरवसा नाही. म्हणून पोस्टची वाट बघत बसू नका, कोचिंग ह्याच वर्षी सुरू करा. तुम्ही जिथं शिकलात त्या कॉलेजच्या प्राचार्यांना जाऊन भेटा. पैसे मागू नका, पगार मागू नका, सकाळी साडेपाच ते साडेसात कोर्ट आणि स्टोअर रूमची चावी मागा. पीटीच्या सरांना आधी भेटा, त्यांना डावलून प्राचार्यांकडं गेलात तर वर्षभर बॉलमध्ये हवा भरायला पंपसुद्धा मिळणार नाही. सरांवर आधीच दहा खेळांचा भार असतो, एखादा खेळ कोणी मनापासून सांभाळतंय म्हटलं तर बहुतेक सर आनंदानं हो म्हणतात, मला तरी तसेच भेटले.

परवानगी मिळाली की पहिल्या दिवशी टेप घेऊन जा. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर म्हणजे बरोब्बर १० फूट पाहिजे. आपल्याकडं हमखास कमी-जास्त असते, कोर्टवर नंतर सिमेंटचा थर टाकलेला असतो नाहीतर पोरं रिंगला लोंबकळून ती खाली वाकलेली असते. अशा रिंगवर वर्षभर प्रॅक्टिस केलेली पोरं विद्यापीठाच्या कोर्टवर गेली की पहिले दहा शॉट शॉर्ट पडतात आणि मग घाबरतात. वेल्डरला बोलवून सरळ करून घ्या, फार खर्च येत नाही. फ्री थ्रोची लाईन बोर्डाच्या सरळ रेषेपासून ४.६० मीटर, थ्री पॉइंटची रिंगच्या मध्यापासून ६.७५ मीटर, ऑइल पेंटनं स्वतः पोरांना घेऊन आखा. ज्या लेकरानं लाईन आखली ते लेकरू दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला येतंच.

बॉल. मुलांचा ७ नंबर, मुलींचा ६ नंबर. बऱ्याच कॉलेजात मुलींनासुद्धा ७ नंबर देतात आणि मग म्हणतात ह्यांचा शॉट पोचत नाही. पोचणार कसा, मॅचमध्ये लहान बॉल आणि प्रॅक्टिसला मोठा. मुलींची टीम करायची असेल तर ६ नंबरचे निदान चार बॉल मागून घ्या, ह्या एका गोष्टीवर मी प्राचार्यांशी भांडायला तयार असते. सिमेंटवर खेळायचे तर रबराचे घ्या, लेदरचा बॉल सिमेंटवर लवकर सोलतो, तो एखादा मॅचआधीच्या आठवड्यासाठी जपून ठेवा.

पोरं कुठून आणायची ह्यावर जास्त लिहिते कारण इथंच सगळं ठरतं. उंच पोरं शोधत फिरू नका, उंच पोरं आपल्याकडं मोजकीच आणि त्यातली अर्धी पोलीस भरतीच्या तयारीत. खो-खो आणि कबड्डीची पोरं शोधा. मराठवाड्यात गावोगावच्या झेडपीच्या शाळेत खो-खो खेळलेल्या पोरी आहेत, त्यांच्या पायात जी चपळाई असते, पळता पळता झटकन दिशा बदलायची, हुलकावणी द्यायची, ती बास्केटबॉलच्या कोर्सात सहा महिने घालून येत नाही. कबड्डीचं पोरगं खाली बसून, गुडघे वाकवून, समोरच्याच्या कमरेवर नजर ठेवून उभं राहतं, डिफेन्सचा स्टान्स त्याला शिकवायलाच लागत नाही, आणि अंगावर आलं तर मागं सरत नाही. व्हॉलीबॉलवाल्यांना उडी कधी मारायची ह्याचं टायमिंग असतं, ते रिबाऊंडला, म्हणजे चुकलेल्या शॉटचा बॉल पकडायला, सोनं. अशा पोरांना फक्त हाताचं काम शिकवायचं राहतं. पायाचं काम आईबापाच्या शेतानं आणि शाळेच्या मैदानानं आधीच करून दिलेलं असतं.

दुसरं म्हणजे अकरावी. आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांना ज्युनिअर कॉलेज जोडलेलं असतं, एकच कॅम्पस. तिथली पोरं १९ वर्षांखालच्या शालेय स्पर्धा खेळतात, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून. सीनिअरच्या कोचला वाटतं ते आपलं काम नाही. तेच आपलं काम आहे! अकरावीत पकडलेलं पोरगं बीए-बीकॉमला त्याच कॉलेजात राहिलं तर तीनाची पाच वर्षं होतात. माझी जी टीम विद्यापीठाच्या फायनलपर्यंत गेली त्यातल्या सात पोरी अकरावीपासून माझ्याकडं होत्या. अडचण एकच, सायन्सवाले. लातूर पॅटर्नचं वारं आता सगळीकडं आहे, नीटचे क्लास पहाटेपासून सुरू, बारावीच्या वर्षात ती पोरं तुटतात आणि त्यांना अडवूही नये. त्यांना सांगा आठवड्यातून दोनदा ये, पळून जा, शॉट मारून जा, डोकं हलकं होईल. त्यातली काही परत येतात. आर्ट्स-कॉमर्सच्या वर्गात मात्र स्वतः जाऊन उभं राहा आणि बोला, नोटीस बोर्डावर कागद लावून कोणी येत नसतं. नव्या शैक्षणिक धोरणात खेळाला क्रेडिट मिळतं, क्रेडिटसाठी म्हणून मैदानावर आलेल्यातूनही मला दोन चांगले गार्ड, म्हणजे बॉल पुढं नेणारे खेळाडू, सापडलेत.

प्रॅक्टिस कशी घ्यायची. समजा पंचवीस पोरं आणि चार बॉल, बहुतेक ठिकाणी एवढंच असतं. सगळ्यांना एका लाईनमध्ये उभं करून लेअप, म्हणजे रिंगजवळ जाऊन उडी मारून टाकायचा शॉट, मारायला लावलं तर एकेकाला दोन तासात बॉल वीस वेळा मिळतो, बाकी वेळ गप्पा. कोर्टचे चार भाग करा, प्रत्येक कोपऱ्यात एक बॉल, सहा पोरं, आणि एक जुना खेळाडू. आठ मिनिटं झाली की शिट्टी, जागा बदल.

पहिले दोन आठवडे रिंगकडं बघायचंच नाही. पोरं कुरकुर करतात, करू द्या. दोन पायांवर थांबणं, पिव्होट म्हणजे एक पाय जागेवर रोवून दुसऱ्यानं वळणं, छातीतून पास, टप्पा पास. नवीन पोरांची टीम हरते ती शॉट चुकल्यामुळं कमी आणि बॉल घालवल्यामुळं जास्त, स्टेप्स, डबल ड्रिबल, समोरच्याच्या हातात पास. पिव्होटचा पाय खडूनं जमिनीवर आखून घ्या, पाय रेषेतून हलला की बॉल दुसऱ्याला.

लेअप उलट्या बाजूनं शिकवा, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडं. आधी रिंगखाली उजव्या बाजूला उभं राहून फक्त डाव्या पायावर उडी आणि बोर्डाच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात बॉल. ते जमलं की मागं एक पाऊल, उजवा-डावा-वर. मग एक टप्पा घेऊन. मग पळत. सेंटर लाईनवरून पळत ये आणि मार असं पहिल्याच दिवशी सांगितलं तर चुकीचा पाय पक्का बसतो आणि मग तो तीन वर्षांत निघत नाही. डाव्या हाताचं तेवढंच करा, रोज, कंटाळा येईपर्यंत.

शॉट रिंगपासून एक मीटरवरून, एका हातानं, रोज पन्नास. थ्री पॉइंटरचा नाद मोबाईलवर मॅच बघून लागतो, त्याला पहिलं वर्ष बंदीच ठेवा. फ्री थ्रो मात्र दमल्यावर घ्या. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला ताज्या दमात दहापैकी सात जातात आणि चौथ्या क्वार्टरला दोन्ही चुकतात, असं का होतं तर दम लागलेला असतो. कोर्टच्या दोन चकरा पळवा आणि धापा टाकतानाच दोन फ्री थ्रो, परत दोन चकरा.

डिफेन्समध्ये आधी मॅन टू मॅन शिकवा, म्हणजे प्रत्येकानं आपापला माणूस धरायचा. आपल्याकडं जिल्ह्याला सगळ्या टीम टू-थ्री झोन लावून, म्हणजे पुढं दोन मागं तीन अशा आपापली जागा राखत, उभ्या राहतात कारण समोरच्याला बाहेरून शॉट नसतो, झोननं जिंकतातही, आणि मग वर गेलं की बाहेरून मारणारी टीम येते आणि कोणालाच आपल्या माणसामागं पळता येत नाही. झोन चार दिवसांत शिकता येतो, मॅन टू मॅनला वर्ष लागतं, म्हणून आधी वर्षाचं काम. आणि प्रेसची, म्हणजे समोरचे पूर्ण कोर्टवर अंगावर येऊन दाबतात त्याची, तयारी हवीच. आठ सेकंदात हाफ लाईन ओलांडायची असते, तिथंच आपली पोरं गोंधळतात. मी पाचजणांसमोर सातजण डिफेन्सला लावते आणि बॉल पलीकडं न्यायला सांगते, ड्रिबल बंद, फक्त पास. दोन महिने हे केलं की पाचजणांचा प्रेस पोरींना मोकळा वाटू लागतो.

रोजच्या शेवटच्या वीस मिनिटांत तीन विरुद्ध तीन, अर्ध्या कोर्टवर. पाच-पाचच्या मॅचमध्ये कच्चं पोरगं लपून जातं, तीन-तीनमध्ये लपायला जागा नाही.

एक वही घाला. रोज काय घेतलं, कोण आलं, कोणाचा पाय दुखतोय. मॅचला बेंचवरच्या पोराला पेन द्या, आपण बॉल किती वेळा घालवला, फ्री थ्रो किती मारले किती गेले, समोरच्यांनी आपल्या बोर्डवर दुसरा चान्स किती वेळा घेतला, एवढे तीन आकडे बास. मॅचनंतर सगळे रेफरीला नावं ठेवत असतात तेव्हा ती वही उघडायची.

आता आपल्या भागाचं वर्ष समजून घ्या, नाहीतर पुस्तकातला ट्रेनिंग प्लॅन इथं चालत नाही. जून-जुलै ॲडमिशन, पेरणी. ऑगस्ट-सप्टेंबर चांगले महिने, रोज प्रॅक्टिस होते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा साधारण ह्यानंतर लागतात आणि नेमकं तेव्हाच सोयाबीन काढणीला येतं, पोरं आठ-दहा दिवस गायब. त्यांना ओरडू नका, घरचं वर्षाचं पीक आहे ते. मी सप्टेंबरमध्येच विचारून ठेवते कोणाची काढणी कधी, आणि त्या हिशोबानं मुख्य पाच ठरवते. दसरा झाला की ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या पोरी लहान भावंडांसाठी मागं राहतात, त्यांच्यावर घर असतं, सकाळी साडेपाचला त्या येऊ शकत नाहीत, त्यांना संध्याकाळी तासभर वेगळं घ्या. माझी सगळ्यात चांगली रिबाऊंडर अशीच होती, सकाळी भावाचा डबा करून सातला यायची, तिच्यासाठी रिबाऊंडचं ड्रिल मी सातनंतर ठेवलं.

मार्च ते जून ऊन. चाळीसच्या वर पारा गेला की सिमेंट तव्यासारखं होतं, दुपारी-संध्याकाळी पाचलासुद्धा त्यातून वाफ येते. पहाटेच घ्या, दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी, बादलीत लिंबू-मीठ-साखर कालवून ठेवा नाहीतर ओआरएस. पाण्याचा बंदोबस्त कोर्टच्या आधी बघा, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्या उन्हाळ्यात आम्ही प्रत्येकाला घरून दोन बाटल्या आणायला सांगून प्रॅक्टिस चालू ठेवली होती. खायचं महागडं काही लागत नाही, पावडरचे डबे तर अजिबात नाही. भाकरी, उसळ, शेंगदाणे-गूळ, जमेल त्याला अंडी-दूध. उपाशी पोटी कोणी येऊ नये हे मात्र बघा, विचारल्याशिवाय पोरं सांगत नाहीत. मी एक डबा भाजक्या शेंगदाण्यांचा कोर्टवर ठेवते.

सिमेंटवर उडी मारून पडायचं म्हणजे घोटे आणि गुडघे. उतरताना दोन्ही पाय, गुडघे वाकलेले आणि आत न वळलेले, हे पहिल्या दिवसापासून बघायचं, मुलींच्या बाबतीत दुप्पट. घोटा मुरगळला की लगेच बर्फ, पट्टी, पाय वर, आणि सूज असेपर्यंत खेळ बंद. मालिश करून कडकड आवाज काढणाऱ्याकडं नेऊ देऊ नका. बूट सैल असतील तर आधी ते बदलायला लावा. अमेरिकेतले जॉन वुडन नावाचे कोच कॉलेजच्या पोरांना सीझनच्या सुरुवातीला मोजे कसे घालायचे हे शिकवायचे, सुरकुती राहिली की फोड येतो म्हणून. ते १९४८ ला यूसीएलएला आले आणि पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९६४ ला मिळालं, त्यानंतर मात्र १२ वर्षांत १०. पहिल्या दोन सीझनमध्ये निकाल नाही म्हणून सोडून जाणाऱ्या पोरांना मी हे सांगत असते.

कागदांचं एक. आंतरमहाविद्यालयीनमधून विद्यापीठाचा संघ निवडतात, तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठला जातो, अश्वमेध ह्या राज्यातल्या विद्यापीठांच्या क्रीडा महोत्सवाला जातो, पुढं खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्सही आहेत. ह्या सगळ्याला पात्रता फॉर्म लागतो, दहावी-बारावीचे मार्कशीट, बोनाफाईड, आधार, फोटो, प्राचार्यांची सही-शिक्का. जुलैमध्येच प्रत्येकाची फाईल करा. मी एका वर्षी एका पोरीचा फॉर्म शेवटच्या दिवशी भरला, गॅपचं सर्टिफिकेट जोडायचं राहिलं आणि ती मैदानाबाहेर बसली, तिचं शेवटचं वर्ष होतं. अजून ते मनातून जात नाही. तेव्हापासून फायली माझ्या घरी कपाटात असतात. खेळाची सर्टिफिकेटसुद्धा जपायला शिकवा, सरकारी नोकरीत ५ टक्के खेळाडू आरक्षण आहे, त्याला प्रमाणपत्राची पडताळणी लागते, आणि कोणत्या पातळीची कामगिरी कोणत्या पदाला चालते हे जीआर वाचूनच सांगा, ऐकीव सांगून लेकरांना आशेला लावू नका.

मॅचच्या दिवशी कोचला करण्यासारखं फार थोडं उरतं. पहिल्या हाफमध्ये दोन टाइमआऊट, दुसऱ्यात तीन, एकेक मिनिटाचा. मिनिटातली पहिली वीस सेकंद पोरांना पाणी पिऊ द्या, श्वास घेऊ द्या, मग दोनच गोष्टी सांगा, तिसरी सांगितली की पहिली विसरतात. एका क्वार्टरमध्ये टीमचे चार फाऊल झाले की पुढच्या प्रत्येक डिफेन्सच्या फाऊलला समोरच्याला दोन फ्री थ्रो, हा आकडा पोरांना बेंचवरून ओरडून सांगत राहा. रेफरीवर ओरडू नका, टेक्निकल फाऊल बसतो आणि स्वतःच्या वागण्याचे दोन झाले की कोचलाच बाहेर जावं लागतं. त्यापेक्षा स्वतः रेफरी आणि टेबलचं काम शिका, जिल्हा संघटनेच्या स्पर्धांना स्कोअरशीट लिहायला माणसं कमीच असतात, जा म्हणजे शिकवतील. नियम पाठ होतात, थोडं मानधन मिळतं, आणि दुसऱ्या टीम अगदी जवळून बघायला मिळतात.

मुलींच्या टीमबद्दल थोडं सविस्तर. घरी जावंच लागतं. आई-वडील, आजी, कधी मोठा भाऊ, चहा घ्या, बसा, स्पर्धा कुठं, मुक्काम कुठं, सोबत कोण, परत किती वाजता, हे सगळं त्यांनी विचारायच्या आधी सांगा. पुरुष कोच असाल तर सोबत महिला मॅनेजर असल्याशिवाय टीम बाहेर नेऊच नका. ग्रुपवर पालकांचे नंबर ठेवा, खेळाडूला एकटीला मेसेज नाही, एकटीची प्रॅक्टिस नाही, हा नियम स्वतःला लावून घ्या, अकरावी-बारावीची पोरं कायद्यानं लहान आहेत, पॉक्सो त्यांच्यासाठीच आहे. पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही हे पोरीनं ठरवायचं, तिला सांगायची लाज वाटू नये असं वातावरण आपण करायचं, स्टोअर रूमच्या फर्स्ट एड पेटीत पॅड ठेवायचे. प्रवासाचं म्हणाल तर २०२३ पासून एसटीला महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं पूर्वी जेवढ्या पैशात सहा मुली जायच्या तेवढ्यात बाराजणी जातात. हे प्राचार्यांना कागदावर मांडून दाखवा, मुलींची टीम पाठवायला पैसे नाहीत हे उत्तर मग देता येत नाही.

पैशाचं खरं सांगते. सुरुवातीची वर्षं ओढाताणीची असतात. तासिका तत्त्वावर काम मिळतं, त्याचे पैसे उशिरा येतात, एका ठिकाणी मला पूर्ण सत्र संपल्यावर मिळाले होते, आणि सुट्टीच्या महिन्यांचे नसतातच. एखाद्या शाळेत सकाळी नाहीतर संध्याकाळी कोचिंग, उन्हाळी शिबिर, रेफरीचं मानधन, असं जोडून घर चालवावं लागतं. घरात हे लग्नाआधीच मोकळं बोलून घ्या. जागेसाठी कोणी लाखांचे आकडे सांगू लागलं तर उठून या, कर्ज काढून ती जागा घेतलेली माणसं मी बघितलीत, पहिली दहा वर्षं हप्त्यांत जातात आणि मैदानावर यायचं मनच राहत नाही. तुमच्याकडं तीन वर्षांची वही, विद्यापीठाला खेळलेली चार पोरं आणि एनआयएसचा कागद असेल तर शाळा, अकॅडमी, क्रीडा संकुल कुठंतरी काम निघतं. मला पहिलं पक्कं काम माझ्या टीमची मॅच बघायला आलेल्या दुसऱ्या संस्थेच्या सरांनी दिलं, मुलाखत कोर्टच्या कडेलाच झाली.

शेवटची एक सूचना, जुन्या खेळाडूंना शिकवायला लावा, दुसऱ्या वर्षापासूनच. प्रत्येक तिसऱ्या वर्षाच्या पोरीला अकरावीच्या दोन पोरी वाटून द्या, त्यांचा लेअप ही तिची जबाबदारी. गेल्या हिवाळ्यात मला टायफॉइड झाला, बारा दिवस घरी. तेराव्या दिवशी सकाळी पावणेसहाला कशीबशी कोर्टवर गेले तर चार कोपऱ्यांत चार बॉल चालू होते, एकीनं शिट्टी गळ्यात घातलेली, आणि वही भरलेली होती, बाराही दिवसांची, हजेरीसकट.